अभ्यासाचा विषय रुग्ण घेऊन येतो

ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी राज्यातली जुनी सरकारी आणि पालिकेची महाविद्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत. मुंबईत साडेचार वर्षं काढून मी बीड जिल्ह्यातल्या केजला परत आले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना वाटलं की हिचं शिकणं आता थांबलं. इथे ग्रंथालय नाही, शेजारच्या खोलीत बसणारा सहकारी नाही. मोठं रुग्णालय म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. गावाला रेल्वे नाही. मुंबईची कार्यशाळा करायची तर रात्रभराची बस आणि दोन दिवस दवाखाना बंद. आता आसपासच्या तालुक्यांत नव्यानं बसलेले थेरपिस्ट फोन करून विचारतात, की अशा ठिकाणी राहून शिकत राहायचं कसं. त्यांना जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

या शाखेची ओळख नसलेल्यांसाठी दोन ओळी. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासून अडलेली रोजची कामं, म्हणजे जेवणं, न्हाणं, लिहिणं, स्वयंपाक, शेतातलं काम, माणसाला स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी आम्ही काम करतो. माणूस काय काम करतो हे कळल्याशिवाय आमचा उपचार सुरूच होत नाही. पदवीनंतर काय शिकायचं, याचं उत्तरही मला तिथेच सापडलं.

१. विषय फडातून येऊ द्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असतो. डाव्या हातानं ऊस धरायचा, उजव्यानं बुडाशी घाव घालायचा. कोयता निसटला की डाव्या हाताची बोटं सापडतात. पहाटेच्या अंधारात, गारठ्यानं हात बधिर झालेले असताना लागलं, असं माझ्याकडे येणारे बरेच जण सांगतात.

पदवीच्या अभ्यासात हाताच्या दुखापती होत्या, पण अनेक विषयांतला तो एक होता. इथे आल्यावर तोच मी आधी पक्का करायला घेतला. बोट मिटवणारी कंडरा (लोक तिला नसच म्हणतात) बोटात एका अरुंद नळीतून सरकते. ती तुटली आणि शिवली, की आजूबाजूच्या भागाला चिकटायला बघते. या भागातली नस शिवून फारसा उपयोग होत नाही, असा जुन्या शल्यचिकित्सकांचा अनुभव होता; त्यांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ हेच नाव देऊन ठेवलं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या हॅरोल्ड क्लाइनर्ट यांनी टाके घातल्यावर थोड्याच दिवसांत, स्प्लिंटच्या (हात ठरावीक स्थितीत धरणाऱ्या साच्याच्या) आत, रबरबँडच्या आधारानं बोट हलवायची पद्धत मांडली. पुढे त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या. आज चांगली शिलाई झाली असेल, तर पहिल्या आठवड्यातच मोजकी, राखून केलेली हालचाल सुरू करतात. मात्र पूर्ण जोर लावायला साधारण बारा आठवडे थांबावं लागतं.

हे बारा आठवडे पुस्तकात सोपे वाटतात. नोव्हेंबरात नस तुटली, तर फेब्रुवारी उजाडतो. निम्म्याहून जास्त हंगाम गेलेला असतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल डोक्यावर तशीच असते. त्यामुळे माणूस पाचव्या-सहाव्या आठवड्यातच कोयता हातात घ्यायला निघतो. त्याला नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही. मला उचलीचा हिशेब समजून घ्यावा लागला. डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर यांतल्या कामाचा फरक शिकावा लागला. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे काय मागता येतं, त्याला कागद कोणते लागतात, हे विचारत फिरावं लागलं. कोणत्या आठवड्यात कोणतं काम चालेल, याचा तक्ता आता मी करून देते: आधी फक्त उजव्या हाताची हलकी कामं, मग बैलांना पाणी दाखवणं, मग रिकाम्या हातानं मोळी बांधायचा सराव. कधीकधी तो तक्ता मुकादमालाच फोनवर समजावून सांगते. ऐकणारे मुकादम आहेत. त्यांनाही पुढच्या वर्षी तोच माणूस धड हातानं हवा असतो.

ही सगळी माहिती मी निरंतर शिक्षणातच धरते, मग तिचे गुण कुठे जमा होवोत वा न होवोत.

२. काय करायचंय ते आधी विचारा

कॅनडातल्या थेरपिस्टांनी १९९१ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर. तिच्यात रुग्णालाच विचारायचं: कोणती कामं अडली आहेत, त्यांतलं कोणतं किती महत्त्वाचं, आज ते किती जमतं, जेवढं जमतं त्यावर तुम्ही किती समाधानी. प्रत्येकाला एक ते दहा गुण. काही आठवड्यांनी पुन्हा तेच विचारायचं. दोन गुणांचा फरक पडला, तर तो दखल घेण्याजोगा धरतात.

अंगावरून वारं गेलेल्या एका आजींना मी हे विचारलं. मुलगा म्हणत होता, आईला चालतं करा. आजी म्हणाल्या, “चालण्याचं मरू दे माय, मला भाकरी थापता आली पाहिजे. सुनेच्या हातची माझ्या गळ्याखाली उतरंना.” सून तिथेच बसली होती आणि हसत होती.

त्यानंतर मी घरी जाऊन भाकरीचा अभ्यास केला, आणि तो कुठल्याही कार्यशाळेइतका गंभीरपणे केला. काटवटीत पीठ मळताना तळहाताच्या टाचेनं दाब द्यावा लागतो आणि मनगट मागे झुकलेलं राहतं. थापताना बोटं सरळ आणि जवळजवळ हवीत, तळवा खाली हवा, ठोका हलका हवा आणि त्याच वेळी भाकरी काटवटीत गोल फिरत राहायला हवी. मग ती दोन्ही तळव्यांवर उचलायची, तव्यावर पालथी टाकायची. इथे खांदा स्थिर राहून कोपरापासूनचा हात फिरावा लागतो, आणि लकव्यानंतर नेमकं हेच फिरणं परत यायला बराच वेळ लागतो. पाणी फिरवायचं, उलटायची, विस्तवाला लावून फुगवायची. हाताची जाणीव कमी झालेली असेल, तर भाजल्याचंही कळत नाही. म्हणून चटका कळतो का, हे भाकरीच्या आधी तपासायचं.

मग पायऱ्या ठरल्या. कोरड्या पिठावर नुसतं थापणं. तळहाताएवढी भाकरी. गार तव्यावर टाकणं. चूल सर्वांत शेवटी, आणि तीही उंच ओट्यावर, कारण उकिडवं बसून उठायची ताकद अजून नव्हती. लकव्यातून हात सावरताना जे काम करायचं आहे त्याच कामाचा, पुष्कळ वेळा, हळूहळू अवघड करत सराव द्यावा, याला आज भक्कम आधार आहे. चेंडू दाबणं आणि खुंट्या खोचणं याची जागा त्यानंतर येते. केजमध्ये ज्वारीचं पीठ प्रत्येक घरात असतं. महागाचं साधन घ्यायची गरज पडत नाही.

३. शोधनिबंध वाचताना ‘कोणावर’ हे आधी वाचा

घरबसल्या शिकायचं मुख्य साधन म्हणजे वाचन. आमच्या अखिल भारतीय संघटनेचं इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी इंटरनेटवर वाचता येतं, आणि जगभरातले बरेच निबंधही आता मोफत मिळतात. वाचायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. निष्कर्षाकडे उडी मारायची नाही. आधी बघायचं, की प्रयोग कोणावर झाला आणि किती वेळ दिला गेला.

लकव्याच्या हातासाठीची कन्स्ट्रेंट थेरपी हे चांगलं उदाहरण आहे. धडधाकट हाताला मोजा घालून बंद ठेवायचा आणि अधू हाताकडून भरपूर काम करून घ्यायचं, अशी ती पद्धत. अमेरिकेतला तिचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२२ रुग्ण होते, लकव्याला तीन ते नऊ महिने झालेले. फायदा स्पष्ट दिसला. पण त्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडत होती, हीच निवडीची अट होती. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा, आणि रोज सहा तासांपर्यंत सराव. ज्याचं बोट जरासुद्धा उघडत नाही, त्याला हे लावणं म्हणजे त्याचा चांगला हातही काढून घेणं. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान टाकणाऱ्याला रोज सहा तास कुठून मिळणार? म्हणून मी पुढचं वाचन केलं. तास कमी करून आठवडे वाढवलेल्या पद्धतींवरही अभ्यास झाले आहेत. त्या आमच्या लोकांच्या दिवसात बसतात.

वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय पक्कं होत नाही. मराठवाड्यातले आम्ही काही जण महिन्यातून एकदा फोनवर जमतो. एक निबंध, एक रुग्ण, तासभर. एवढंच.

४. जे सोडायचं, तेही शिकावं लागतं

लकव्यानंतर हात आखडू नये म्हणून रात्री मनगटाला स्प्लिंट बांधून ठेवायचा, ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली गोष्ट. ऑस्ट्रेलियात नताशा लॅनिन आणि सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. २००७ मध्ये तो अभ्यास ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आला. चार आठवडे रोज रात्री स्प्लिंट बांधलेल्यांत आणि न बांधलेल्यांत आखडण्याचा म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्यानं हालचाली अडलेल्या) मुलांबाबत आयोना नोव्हाक यांच्या गटानं २०१३ मध्ये सगळ्या उपचारांचा आढावा घेतला आणि सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. २०२० मध्ये तो पुन्हा अद्ययावत केला. मूल स्वतः हेतूनं हालचाल करतं, त्याच्या आवडीचं ध्येय असतं, घरी रोज सराव होतो, असे उपचार हिरव्यात आले. थेरपिस्टनं मुलाचे हातपाय धरून हलवत राहायचं, ही पद्धत लालकडे झुकली.

गावात हे सोडणं अवघड जातं. स्प्लिंट दिसतो. त्याचे पैसे दिले की काहीतरी झाल्यासारखं घरच्यांना वाटतं. ‘याचा उपयोग नाही, त्यापेक्षा रोज या हातानं एवढं एवढं करून घ्या’ असं सांगितलं की तोंडं उतरतात. तरी सांगायचं. ऊसतोडीच्या घरातले पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत, हा माझ्या अभ्यासाचा एक मोठा हेतू आहे, आणि त्याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

५. दिवाळीच्या आधी बाळं बघून घ्या

हा विषय माझ्या सर्वांत जवळचा.

“मॅडम, लेकरू मान धरंना,” असं म्हणत आई येते तेव्हा बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालेलं असतं. अनेकदा दीड वर्षाचंही. कारण मधला काळ ते आई-बापासोबत फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत होतं. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदानच वर्ष-दोन वर्षांचं झाल्यावर व्हायचं, तेव्हा उशीर सगळीकडेच होत होता. २०१७ मध्ये नोव्हाक आणि जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘जामा पीडिॲट्रिक्स’मध्ये लिहिलं, की सहा महिन्यांच्या आतही हे बऱ्याच खात्रीनं ओळखता येतं. त्यासाठी मेंदूचा एमआरआय, बाळाच्या मज्जासंस्थेची हॅमरस्मिथ तपासणी आणि प्रेख्टल यांची जनरल मूव्हमेंट्स पाहणी या तिन्हींचा उपयोग होतो. त्यातली शेवटची आमच्यासाठी वरदान आहे, कारण तिला लागतो फक्त फोन. अपेक्षित तारखेपासून मोजून सुमारे तीन महिन्यांचं बाळ पाठीवर झोपवायचं, अंगावर कपडे कमीत कमी. ते जागं आणि शांत हवं. हातात खुळखुळा नको, समोर कोणी बोलायचं नाही. तीन ते पाच मिनिटं वरून चित्रण करायचं. या वयात बाळाच्या मान, खांदे, मनगटं, पाय या सगळ्यांत बारीक, सतत, सगळ्या दिशांनी होणारी चुळबुळ दिसायला हवी. ती दिसली नाही, तर ते बाळ तातडीनं पुढे पाठवायचं.

ते चित्रण वाचायला वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. ते नसेल, तर आपण निदान द्यायचं नाही. चित्रण नीट करायचं आणि प्रशिक्षित माणसाकडे पाठवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि संशय आलेली मुलं जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवतात. पण पथक यायच्या वेळी बाळ गावात असायला पाहिजे. म्हणून कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः रडली नाहीत किंवा काचेच्या पेटीत राहिली, अशी बाळं पितृपक्षापर्यंत बघून झाली पाहिजेत, असा मी माझ्यापुरता नेम केला आहे. कुठल्या घरात असं बाळ आहे हे आशाताईंना माहीत असतं. मला त्यांना फक्त चित्रण कसं करायचं ते शिकवावं लागलं. त्यांचे प्रश्न इतके नेमके असतात, की त्यांना शिकवायच्या आदल्या रात्री मला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं.

आणि आई निघाली, तर तिच्यासोबत घरचा कार्यक्रम जातो, तोही कोपीत करता येईल असाच. बाळाला पोटावर कधी ठेवायचं, घोंगडीची वळकटी छातीखाली कशी घ्यायची, पाणी भरायला जाताना कडेवर कोणत्या बाजूला घ्यायचं. ओवाळणीच्या ताटातल्या गोष्टींसारखं मोजकं आणि हाताशी असलेलं. अक्षर वाचता येत नसेल, तर मी तिच्याच फोनवर तिचंच बाळ घेऊन दाखवते आणि ते चित्रण तिथेच ठेवते.

६. सुतार, शिंपी, चप्पलवाला

स्प्लिंटसाठीचा थर्मोप्लास्टिकचा पत्रा महाग आणि मुंबईहून मागवावा लागतो. कोपऱ्याची खुर्ची, पाट बसवलेली उभी चौकट, स्प्लिंटचे पट्टे, जाड केलेली चमच्याची मूठ हे सगळं गावातले कारागीर करतात. त्यांना माप आणि कारण दोन्ही सांगा. कारण सांगितलं की ते तुमच्यापेक्षा चांगली युक्ती सुचवतात. कोयत्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड न आवळता धरता येतो, हे मला एका ऊसतोड करणाऱ्या काकांनी दाखवलं.

७. नोंदणी आणि गुण

महाराष्ट्रात आपली आणि फिजिओथेरपीची मिळून एक परिषद आहे, आणि २०२१ च्या राष्ट्रीय संबंधित व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं ऑक्युपेशनल थेरपी देशपातळीवर एका चौकटीत आणली. नोंदणी चालू ठेवा, कार्यशाळांची प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये ठेवा, नियम बदलले की लगेच वाचा. संघटनेचं वार्षिक अधिवेशन जमेल तेव्हा गाठा. जेवणाच्या रांगेत भेटलेली माणसं पुढे वर्षभर फोन उचलतात. गुण मिळतात म्हणून केजमध्ये कधीही न लागणारा महागडा कोर्स करू नका. ते पैसे हाताच्या चांगल्या पुस्तकाला लावा.

८. वय झालं असं कोणी म्हणालं तर

कमलाबाई निंबकरांचं नाव सांगा. त्या अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी. १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न करून इथे आल्या, शिक्षणाच्या कामात पडल्या, आणि चाळिशी ओलांडल्यावर अमेरिकेला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. फलटणमधल्या शाळेला त्यांचं नाव आहे, हे पुष्कळांना माहीत असतं; आपली शाखा त्यांनी आणली, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही फारसं माहीत नसतं. ते माहीत असावं.

९. वर्षाचं वेळापत्रक कारखान्याच्या हंगामाला बांधा

कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये गावं भरतात आणि दवाखान्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. तेव्हा काही नवं शिकायला घेऊ नका, आलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात वाचन. भाद्रपदात बाळं. हंगाम सुरू झाला की गाव रिकामं होतं, आणि लांबचा कोर्स किंवा ऑनलाइन वर्ग करायचा तो तेव्हा.

त्या रिकाम्या गावात मागे राहतात आजी-आजोबा आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडं. यंदा माझ्या वहीत सर्वांत जास्त प्रश्न त्यांचे आहेत. आजी मोरीत घसरून पडल्या, तर शाळेत जाणाऱ्या नातवंडांचंही कोणी उरत नाही. घरातल्या अडचणी काढून टाकल्यानं वृद्धांचं पडणं कमी होतं का, यावरचा कॉक्रेनचा आढावा २०२३ मध्ये आला. पडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलं; आधी पडलेल्यांसारख्या जास्त धोक्याच्या लोकांत ३८ टक्क्यांनी. नुसता चष्मा बदलून किंवा माहितीपत्रक देऊन असा परिणाम दिसला नाही. त्या अभ्यासांतल्या घरांत गालिचे, जिने आणि न्हाणीघरातले टब आहेत. आपल्याकडे उंच उंबरठा, मोरीतली शेवाळलेली फरशी, अंगणापलीकडचा संडास, रात्री गेलेली वीज आणि दारात बांधलेलं दावं. तेव्हा यादी आपल्याला आपलीच करावी लागेल. केज तालुक्यातल्या घरांसाठी मी ती करायला घेतली आहे: उंबरठ्याला पांढरा पट्टा, मोरीच्या भिंतीत पाइपाची मूठ, संडासच्या वाटेवर दोरीचा कठडा, उशाशी बॅटरी. मराठवाड्यात कोणी अशी यादी आधीच करून वापरली असेल, तर ती मला हवी आहे. माझी मी फोनवरच्या गटात ठेवते आहे. प्रत्येकानं ती आपल्या गावच्या पाच घरांत नेऊन बघावी आणि जे लागू पडत नाही ते खोडून परत पाठवावं.